टेबलावरची जागा टॅबची नाही

घरातला जुना कॉम्प्युटर बदलायचा विषय निघाला की हल्ली सल्ला एकच मिळतो : आता कॉम्प्युटर कशाला, टॅब घेऊन टाका, सगळं त्यावरच होतं. दुकानदार हे सांगतो, भाचा सांगतो, ऑफिसातले सहकारीही सांगतात. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांचं घरचं सगळं खरोखरच टॅबवर किंवा फोनवर भागतं, कारण उरलेल्या कामासाठी त्यांच्याकडे कंपनीने दिलेला लॅपटॉप असतो. सल्ला देताना एवढं सांगायचं मात्र राहून जातं. ज्या घरात असा दुसरा लॅपटॉप नाही, त्या घराचं या सल्ल्याने नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आता घरोघरी येण्याचं कारणही आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधी घेतलेला कॉम्प्युटर आजही धडधाकट असला, तरी नियमाप्रमाणे पुढच्या विंडोजला तो नापास. तेव्हा बदल टाळता येणार नाही असं वाटून लोक दुकानात जातात आणि तिथे काचेमागे ओळीने मांडलेले टॅब दिसतात.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा : सगळं टॅबवर होतं. या ‘सगळं’मध्ये काय येतं ते तपासू. बातम्या वाचणं, व्हिडिओ पाहणं, परदेशातल्या मुलाशी समोरासमोर बोलणं, वीजबिल भरणं, ही कामं टॅबवर होतात आणि छान होतात. अक्षर मोठं करता येतं, तो मांडीवर घेता येतो. ज्या घरात दोघेच ज्येष्ठ आहेत आणि एवढाच वापर आहे, त्यांनी टॅब जरूर घ्यावा. चित्र काढणाऱ्या मुलीलाही तो द्यावा. पण ही झाली बघायची, बोलायची आणि बोटाने करायची कामं. कॉम्प्युटरवर घर याखेरीज बरंच काही करत आलं आहे.

एखाद्या सोसायटीच्या खजिनदार बाई डोळ्यांसमोर आणा. देखभाल खर्चाची एक्सेल फाइल त्यांच्याकडे असते : उभ्या ओळीत फ्लॅट, आडव्या ओळीत महिने, शेवटी थकबाकी आणि त्यावरचं व्याज. टॅबवर ही फाइल उघडली की पडद्यावर मावतात चार-पाच महिने. रक्कम टाकायला चौकटीवर बोट ठेवावं तर शेजारची चौकट निवडली जाते. पडद्यावरचा कीबोर्ड वर आला की खालचा अर्धा तक्ता झाकला जातो आणि ज्या ओळीत आकडा टाकायचा तीच दिसेनाशी होते. मागच्या वर्षीची फाइल शेजारी उघडी ठेवून ताडून पाहायची म्हटलं तर दोन्ही तक्ते आणखी आक्रसतात. शिवाय मायक्रोसॉफ्टचा एक नियम दुकानात कुणी सांगत नाही. १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्याच्या टॅबवर त्यांच्या एक्सेल-वर्डमध्ये फाइल नुसती पाहता येते. दुरुस्ती करायची तर वर्गणी भरावी लागते. आज दुकानात दिसणारे बरेचसे टॅब अकरा इंचांच्या घरातले आहेत. गूगल शीट्सचा मार्ग आहे, पण बोट चुकीच्या चौकटीत जाण्याचं दुखणं तिथेही तसंच राहतं.

याच बाईंकडे दहा-पंधरा वर्षांच्या नोटिसा आणि सभांची इतिवृत्तं श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ती युनिकोडमध्ये नाहीत. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या टॅबवर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवून मजकूर वाचता येतो आणि कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणता येतो. टॅब घेऊन जुना कॉम्प्युटर भंगारात दिला, तर त्या फाइली असूनही नसल्यासारख्या होतात. घरात कुणाचा छोटा व्यवसाय असेल तर डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असतो. त्याचे ड्रायव्हर डेस्कटॉप-लॅपटॉपसाठी बनलेले. टॅबला लावून तो चालवण्याची सोय सहसा नसते.

दुसरा मुद्दा मुलांचा. टॅबवर मुलं अभ्यास करतात, असं म्हणतात. टॅबवर मुलं अभ्यासाचे व्हिडिओ पाहतात हे खरं, पण अभ्यासात लिहिणंही येतं. आपल्या राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग मागतात आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवरच होते. एमएचटी-सीईटीसुद्धा कॉम्प्युटरवर, माउस हातात धरून द्यावी लागते. काचेवर टाइप करणाऱ्या बोटांना कळांची जागा स्पर्शाने कधीच कळत नाही. नजर सतत खाली ठेवावी लागते. वेग येणार कसा?

बँकेच्या भरतीचा फॉर्म भरताना काय होतं ते पाहा. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबीमध्ये लागतो, सही १० ते २० केबीमध्ये. कॉम्प्युटरवर पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये आकार कमी करून फाइल नाव देऊन ठेवायची, की झालं. टॅबवरचा उमेदवार त्यासाठी कुठलं तरी फुकटचं ॲप उतरवतो आणि फोटो, सही, कधी कधी आधार कार्डही त्या अनोळखी ॲपच्या हवाली करतो. मग तयार झालेली फाइल नेमकी कुठे गेली, हे त्याला सापडत नाही, कारण फोल्डर म्हणजे काय हे त्याने कधी हाताळलेलंच नसतं. तरुण मुलांची ही अडचण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. फोनवर सराईत असलेली मुलं स्वतःचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी शोधू शकत नाहीत. बुद्धी त्यांच्याकडे भरपूर आहे. फाइली नीट ठेवायच्या कशा, हे शिकवणारं यंत्र आपण घरातून काढून टाकलं आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा. टॅब स्वस्त, असा समज आहे. नुसता टॅब स्वस्त असतो. त्याला जोडायचा कीबोर्ड, उभा ठेवायचं कव्हर, पेन आणि जास्त स्टोरेजचं मॉडेल हे सगळं बिलात धरलं की आकडा साध्या लॅपटॉपच्या जवळ जातो. मग वयाचा हिशेब येतो. टॅबची रॅम आणि स्टोरेज बोर्डावर कायमचं बसवलेलं, पडदा गोंदाने चिकटवलेला, बॅटरी त्याच्या आत. बॅटरी थकली किंवा जागा भरली तर दुरुस्त करणाऱ्यापेक्षा ‘नवाच घ्या’ म्हणणारा आधी भेटतो. ज्या घरात एक यंत्र आठ-दहा वर्षं चालवायची रीत आहे, त्या घराला हा व्यवहार परवडत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, घ्यायचाच तर भारीतला लॅपटॉप घ्या, मुलगा इंजिनिअरिंगला जाईल, पुढे लागेल. दहावीतल्या मुलासाठी गेमिंगचा, वजनदार, तापणारा लॅपटॉप घेण्यात काहीच अर्थ नाही. पुढच्या गरजेचं यंत्र पुढेच घ्यावं. तोवर आजचं जुनं झालेलं असतं. याच्या उलट, अगदी स्वस्त म्हणून ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजचे जे लॅपटॉप विकले जातात त्यांच्यापासूनही दूर राहा. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. म्हणजे तुमच्या फाइलींसाठी जागा पहिल्याच दिवशी अपुरी.

मग करायचं काय? आधी जुना कॉम्प्युटर उघडून बघा. तो संथ झाला याचं मुख्य कारण बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. तिच्यातली तबकडी मिनिटाला ७,२०० किंवा ५,४०० फेरे घेते आणि प्रत्येक लहानशा फाइलसाठी वाचणारी सुई जागा बदलते. कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो फाइली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ही वाट पाहणंच संपतं. काम अवघड नाही. कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा मागच्या दोन स्क्रूंवर असतो. तो काढून आतली धूळ मऊ ब्रशने झाडायची, हार्ड डिस्कमधली डेटाची पातळ वायर आणि पॉवरची रुंद वायर काढायची आणि त्याच आकाराच्या पिना असलेल्या साटा एसएसडीला लावायची. विंडोज नव्याने टाकायचं किंवा जुन्या डिस्कवरून कॉपी करून घ्यायचं. जोडीला रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. सुरू होताना चहा करून यावा इतका वेळ घेणारा कॉम्प्युटर मिनिटाच्या आत कामाला लागतो आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा छोटासा हिस्सा असतो.

सुरक्षेचं काय, हा रास्त प्रश्न आहे. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यापुढे, किंवा आत्ताही, लिनक्स मिंट टाकता येतं. ते फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, त्यात फायरफॉक्स आणि लिबरऑफिस येतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. पत्रं लिहिणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या घराला हे पुरेसं आहे. टॅली, श्रीलिपी किंवा सहीचा टोकन रोज लागत असेल तर मात्र मी लिनक्स सुचवणार नाही; त्यांचा संसार विंडोजवरच नीट चालतो.

मदरबोर्डच गेला असेल किंवा वीज वारंवार जाणाऱ्या गावात राहत असाल, तर लॅपटॉप घ्या. ८ जीबी रॅम हवी आणि ती पुढे वाढवायला एक स्लॉट मोकळा हवा. फार पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, हे विचारूनच घ्या. ५१२ जीबी एसएसडी, फुल एचडी आयपीएस पडदा, नव्या पिढीतला कोअर आय-३ किंवा रायझन ३, दोन तरी नेहमीचे यूएसबी पोर्ट आणि एचडीएमआय. घरासाठी याहून जास्त लागत नाही. बजेट कमी असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कंपन्यांमधून परत आलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप मिळतात. पक्कं बिल आणि दुकानाची लेखी वॉरंटी मिळत असेल, आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तरच घ्या.

लॅपटॉपवर मान दुखते अशी तक्रार असते आणि ती खरी आहे. पण जुना मॉनिटर घरात आहेच की! त्याला नुसतं व्हीजीए असलं तरी एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावून तो चालतो. जुना यूएसबी कीबोर्ड आणि माउस जोडा. टेबल तेच राहतं, पडदा डोळ्यांसमोर येतो, बोटांना सवयीच्या कळा मिळतात आणि गरज पडली तर वायर काढून लॅपटॉप उचलून नेता येतो. टॅबला ही मांडणी क्वचितच जमते. अनेक टॅबमधून मॉनिटरला चित्रच जात नाही.

जुनं यंत्र निरोप घेईल तेव्हा ते रद्दीवाल्याला देऊ नका. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात ते द्या. आणि देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. तिच्यात घराचे फोटो, करारनामे, आईने टाइप केलेली पत्रं आहेत. यूएसबी केसमध्ये ती बसवा, सगळं नव्या यंत्रावर उतरवा, आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर करा, आणि मगच ती जुनी डिस्क सोडा.