सुट्या नाण्यांची टंचाई आणि दुकानदाराची चिठ्ठी

नाणे दुर्मीळ झाले की कागदाचा तुकडा त्याचे काम करू लागतो. परंतु त्या तुकड्यामागे उभे कोण राहणार, हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःस प्रथम विचारावयास हवा.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न साऱ्या देशापुढे आला. 1940 च्या जूनमध्ये फ्रान्सचा पाडाव होताच लोक नोटा मोडून चांदीचे रुपये घरी नेऊ लागले. गरजेपेक्षा अधिक नाणी जमविणे सरकारने गुन्हा ठरविले आणि एक रुपयाची नोट चलनात आणली. पुढे पैसा-आण्यांचाही तुटवडा पडला. तांबे वाचविण्यासाठी 1943 मध्ये मधोमध भोक असलेला, जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी वजनाचा पैसा निघाला. जुनागढ, नवानगर, मोरवी, बिकानेर, बुंदी आदी संस्थानांनी तर किरकोळ रकमांची कागदी कूपने काढली.

अशा कागदाची मर्यादा आपल्या भागातील व्यापाऱ्यांस सहज उमगेल. त्या वेळी हुबळी मुंबई इलाख्यात होती, तर काही मैलांवरील कुंदगोळ जमखंडी संस्थानात. तेथे असे कूपन निघाले असते, तर हुबळीच्या बाजारात ते कोणी घेतले असते? संस्थानाच्या कूपनाची किंमत हद्दीपाशी संपते. दुकानदाराच्या चिठ्ठीची तर उंबरठ्यापाशीच.

कोणी म्हणेल, हुंडीही कागदच होती. खरे आहे, परंतु हुंडी घेणारा जाणता व्यापारी असे. लिहिणाऱ्याची पत पाहून ती घ्यावयाची की नाकारावयाची, हे तो ठरवी. मोडीऐवजी चिठ्ठी घेणारे गिऱ्हाईक बहुधा हातावर पोट असलेले असते. त्यास नाकारण्याची सोय नसते. म्हणूनच रक्कम लहान असली तरी त्या चिठ्ठीची जबाबदारी हुंडीहून मोठी होय.

टंचाई व्यापाऱ्याने निर्माण केलेली नसेल. तिचा भार कोणावर टाकावयाचा, हे मात्र पुष्कळदा त्याच्याच हाती असते. सुटे नाहीत म्हणून आजही गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवली जाते. तीच गोळी उद्या त्याने पैशांऐवजी पुढे केली, तर आपण ती स्वीकारू काय?

सभासद बंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते की, मोड नसेल तेव्हा उरलेली रक्कम वहीत गिऱ्हाइकाच्या नावे जमा करावी, आणि चिठ्ठी दिलीच तर ती घेऊन येईल त्यास तिचे पुरते मोल द्यावे. चार आण्यांचे देणे न विसरणाऱ्या दुकानावरच लोक चार हजारांचा विश्वास ठेवतात.