ब्रिक लेन कोणाची?

पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स या विभागात ब्रिक लेन नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका कोपऱ्यावरील वास्तू १७४३ साली फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांचे प्रार्थनामंदिर म्हणून उभी राहिली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली. १८९८ साली झारशाहीच्या अत्याचारांतून निसटून आलेल्या ज्यूंचे ते सिनेगॉग झाले. १९७६ पासून तेथे बंगाली मुसलमानांची मशीद आहे. धर्म बदलले, भाषा बदलल्या. परंतु रेशमाचे विणकर, शिंपी, कपड्यांच्या कारखान्यांतील मजूर अशी श्रमजीवींची परंपरा अखंड राहिली.

या वस्तीच्या बहुरंगी संस्कृतीचे गोडवे आज पर्यटनाचे व्यापारीही गातात. मात्र ही संस्कृती कोणाच्या औदार्याची देणगी नव्हे. १८८९ साली गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप करून तो जिंकला. १९२१ साली जॉर्ज लान्सबरींसह पॉप्लरच्या ३० नगरसेवकांनी गरीब वस्त्यांवरील करांचा अन्याय्य बोजा नाकारून तुरुंगवास पत्करला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोझलीच्या फॅसिस्टांची वाट केबल स्ट्रीटवर अडविताना ज्यू शिंपी आणि आयरिश गोदी कामगार खांद्याला खांदा लावून उभे होते. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण बंगाली कामगाराची वंशद्वेषातून हत्या झाली, तेव्हा हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. १९९८ साली एका उद्यानास त्याचे नाव मिळाले ते या लढ्यामुळेच.

या संस्कृतीवरील खरा घाला निराळ्या मार्गाने आला. १९८० साली या विभागातील उरल्यासुरल्या गोद्या बंद पडल्या. त्याच वर्षी थॅचर सरकारने नगरपालिकांची भाड्याची घरे विक्रीस काढणारा कायदा केला. १९८१ साली गोद्यांच्या जमिनीसाठी विकास महामंडळ नेमून बांधकाम परवान्यांचे अधिकार लोकनियुक्त नगरपालिकेच्या हातून काढून घेण्यात आले. जेथे जहाजे लागत, तेथे कॅनरी वॉर्फचे बँकांचे मनोरे उभे राहिले. २०२१ साली ब्रिक लेनवरील जुन्या ट्रूमन दारूभट्टीच्या आवारात दुकाने आणि कचेऱ्या बांधण्याची योजना हजारो हरकती डावलून नगरपालिकेच्या समितीने मंजूर केली.

२०२२ साली व्हाइटचॅपल स्थानकावर बंगाली अक्षरांत फलक लागला. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु ज्यांच्या भाषेत फलक लागतो, त्यांच्या मुलांना त्याच वस्तीत भाड्याची खोली परवडेनाशी झाली, तर तो फलक केवळ स्मृतिशिला ठरेल.

घरांची टंचाई परकीयांमुळे झाली, असा प्रचार प्रतिगामी शक्ती नेहमीच करतात. वस्तुस्थिती अशी की, सार्वजनिक घरे स्थलांतरितांनी गिळली नाहीत. ती कायद्याने विकली गेली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील जमिनींचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्या कार्यकर्त्यांस हे वेगळे सांगावयास नको. वंशद्वेषाविरुद्धचा लढा आणि निवाऱ्याचा लढा हे दोन नव्हेत. जेथे ते एकत्र लढले गेले, तेथे वस्ती टिकली. जेथे त्यांची फारकत झाली, तेथे तिचा बाजार झाला.