पिकअप घ्यायची? शोरूमच्या आधी वजनकाट्यावर जा

दीपनगर (ता. भुसावळ) : जीएसटी कमी झाल्यापासून आपल्या भागात एकच चर्चा आहे, पिकअप कोणती घ्यायची. फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम, वरणगाव, कुठेही चहाच्या टपरीवर बसा, दोन पोरं मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघताना दिसतील. एक म्हणतो महिंद्रा, दुसरा म्हणतो टाटा. तिसरा म्हणतो बडा दोस्त बघ, हौदा मोठा आहे. मलाही फोन येतात, "भाऊ, तुम्ही बातम्या देता, सांगा ना कोणती चांगली?"

मी उलट विचारतो, "तुझा माल कोणता, वजन किती, आणि महिन्यात किती दिवस भाडं?" तिथे बहुतेक जण गप्प होतात. गाडीचं नाव नंतर ठरतं. आधी या तीन प्रश्नांची उत्तरं पाहिजेत.

किंमत किती उतरली?

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. ही सूट खरी आहे. गाडीची मूळ किंमत 8 लाख धरा. आधी ती करासह 10 लाख 24 हजारांना पडायची, आता 9 लाख 44 हजारांना पडते. सरळ 80 हजारांचा फरक.

पण त्याच वर्षी दुसरी गोष्ट झाली, तिच्यावर कोणी बोलत नाही. मार्च 2025 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात साडेसात टनापर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना एकरकमी 7 टक्के मोटार वाहन कर लावला गेला. 9 लाख 44 हजारांवर 7 टक्के धरले तर 66 हजार होतात. हा पैसा गाडी दारात येण्याआधी भरायचा आहे. वरून विमा, आणि वेल्डरकडे जाळी-पिंजरा करायचा खर्च. म्हणून शोरूमवाल्याला एक्स-शोरूम किंमत विचारू नका. "रस्त्यावर येईपर्यंत एकूण किती?" हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

कागदावर कोण कसा?

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप. तिची मॅक्स मालिका 2022-23 मध्ये आली. त्यात 1.3 टनापासून 2 टनापर्यंतची मॉडेलं आहेत आणि मोठ्या मॉडेलचा हौदा दहा फुटांचा आहे. हिची जमेची बाजू म्हणजे मिस्त्री गावोगावी आहे आणि जुनी विकायला काढली तरी गिऱ्हाईक लवकर मिळतं.

टाटाची योद्धा 2.0 सप्टेंबर 2022 मध्ये आली. ती 2 टनाची आहे. इंजिन 2.2 लिटरचं आणि ओढ चांगली. योद्धामध्ये चारही चाकांना ताकद देणारं मॉडेलही येतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावरून माल काढायचा असेल तर त्याचा विचार करावा, पण त्याचे जास्तीचे पैसे वर्षातल्या किती दिवसांसाठी देतोय हेही मोजावं. टाटाचीच इंट्रा व्ही 50 दीड टनाची आहे.

अशोक लेलँडची बडा दोस्त सप्टेंबर 2020 मध्ये आली. पुढे लांब बोनेट नाही. त्यामुळे गाडीच्या लांबीच्या मानाने हौद्याला जागा जास्त मिळते आणि गल्लीत वळायला बरं पडतं. इंजिन दीड लिटरचं. मॉडेलनुसार वजन बदलतं, पण आय 4 कागदावर 1.8 टनाच्या वर जाते.

म्हणजे कागदावर कोणीच वाईट नाही. फरक पडतो तो आपल्या मालाने.

कापूस, केळी आणि राखेची वीट

कापूस हलका. हौदा भरून वर डोंगर झाला तरी काटा फारसा हलत नाही. कापसाचं काम असेल तर टन बघू नका, हौद्याची लांबी-रुंदी बघा. केळीचं तसं नाही. घड सरासरी 20 किलोचा धरला तर 75 घडांत दीड टन होतो, आणि घड एकावर एक दाबून भरले तर माल काळा पडतो. केळीला वजनही लागतं आणि जागाही.

आता आपल्या दीपनगरची गोष्ट. औष्णिक केंद्राच्या राखेमुळे इथे फ्लाय ॲश विटांचं भाडं भरपूर. एक वीट अडीच-तीन किलोची. हजार वीट म्हणजे अडीच ते तीन टन. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? "हजार वीट एका खेपेत टाक." दीड-पावणेदोन टनाच्या गाडीत आपण ती टाकतोही. पाटे बसतात, मागचे टायर घासतात, ब्रेक मारला की गाडी पुढे सरकते. बाजूला महामार्ग आहे, आणि तिथे समोरचं वाहन आपल्या पाट्यांची दया करत नाही.

दंडाचंही बघा. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार असा दंड आहे. विटांच्या किती खेपा मारल्या की 20 हजार सुटतात, ते विटावाल्या भावांनी स्वतःच मोजावं.

म्हणून माझं म्हणणं असं. गाडी घ्यायच्या आधी, ज्याच्याकडे आता पिकअप आहे त्याच्या गाडीत आपला नेहमीचा माल भरा आणि काट्यावर न्या. भरलेली मोजा, रिकामी मोजा. पावती जपून ठेवा. दोन-तीन खेपांच्या पावत्या झाल्या की तुम्हाला सव्वा टनाची लागते का दोन टनाची, हे कोणाला विचारायची गरज राहत नाही. एक लक्षात ठेवा, वेल्डरने केलेली जाळी, ताडपत्री आणि दोन हमाल यांचं वजनसुद्धा त्याच टनातून वजा होतं. आरसी बुकावर रिकामं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. कायदा ते बघतो, जाहिरात बघत नाही.

या एकूण वजनाचा आणखी एक फायदा आहे. ते 3000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. फिटनेस, विमा आणि पीयूसी मात्र लागतंच. लायसन्सबद्दलही गोंधळ नको. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं आहे की साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनाच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. पण हौद्यात वऱ्हाड बसवलं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

डिझेल का सीएनजी?

बीएस 6 डिझेल गाडीला धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो मोकळा व्हायला गाडी अधूनमधून लांब, एका वेगात पळावी लागते. रोज गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच हळू चालवली तर तो तुंबतो. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकीचं वजन वाढतं, आणि आपल्या रस्त्यावर पंप किती आणि रांग किती हे आधी स्वतः जाऊन बघावं.

खरी परीक्षा हप्त्याची

माझ्या चुलतभावाने काही वर्षांपूर्वी पिकअप घेतली. केंद्रात नव्या संचाचं बांधकाम चालू होतं, ठेकेदाराकडे रोज भाडं होतं. त्याने मोठीच गाडी घेतली, चार लोकांनी सांगितलं म्हणून. काम सरलं तसं भाडं महिन्याला आठ-दहा दिवसांवर आलं. तीन हप्ते थकले आणि फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले. काकू ओट्यावर बसून बघत होत्या. गाडीत काही खोट नव्हती, हिशोब चुकला होता.

तो हिशोब असा करा. 8 लाखांचं कर्ज, 5 वर्षं. 10 टक्के व्याजाने हप्ता साधारण 17 हजार येतो. 13 टक्क्यांनी 18 हजार 200. महिन्याला बाराशेच वाटतात, पण 5 वर्षांत 72 हजार होतात. म्हणजे जीएसटीत वाचलेले 80 हजार जवळपास सगळे व्याजात परत गेले. म्हणून शोरूममध्ये बसलेल्या फायनान्सवाल्याकडे सही करण्याआधी आपल्या बँकेत जाऊन दर विचारा. एक दिवस मोडेल, मोडू द्या.

दुसरं, हप्ता 18 हजार 200 आणि भाडं महिन्याला 15 दिवस असेल, तर प्रत्येक दिवसाला 1213 रुपये नुसत्या हप्त्याचे निघाले पाहिजेत. डिझेल, ड्रायव्हर, टायर, विमा यानंतर. घरची केळी-कापूस वाहून उरलेल्या दिवसांत तेवढं भाडं मिळत नसेल, तर नव्याऐवजी चांगली जुनी बघा, नाहीतर दोन भावांत एक घ्या. गरज लागेल तेव्हा भाड्याने लावणं यातही कमीपणा नाही.

परवा निंभोऱ्याच्या एका पोराने फोन करून परत तेच विचारलं. त्याला म्हटलं, आधी तीन पावत्या काट्याच्या आण आणि गेल्या वर्षी किती दिवस भाडं मिळालं असतं ते वहीत लिही. मग आपण दोघं सोबत शोरूमला जाऊ.