बाजाराची नाडी

शेअर बाजारात उद्या तेजी येणार की मंदी, हे व्यापाऱ्यांच्या मनःस्थितीवरून आजच ओळखता येते, असा दावा अलीकडे वारंवार केला जातो. ती मनःस्थिती मोजण्याची साधनेही तयार आहेत. त्या साधनांना आमचा विरोध नाही; परंतु त्यांच्या भरवशावर घरची पुंजी पणास लावणाऱ्यांना सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही साधने सांगतात तरी काय? राष्ट्रीय शेअर बाजाराचा ‘इंडिया व्हिक्स’ हा निर्देशांक निफ्टीवरील ऑप्शनांच्या भावांवरून काढला जातो. येत्या ३० दिवसांत बाजार किती हेलकावे खाईल, याविषयीची अपेक्षा त्यावरून कळते. ते वर की खाली, हे कळत नाही. दुसरे माप ‘पुट’ आणि ‘कॉल’ यांच्या प्रमाणाचे. पुट म्हणजे ठरल्या भावाने विकण्याचा हक्क, कॉल म्हणजे विकत घेण्याचा. पुट वाढले की भीती वाढली, असे मानतात. परंतु प्रत्येक सौद्यास दोन बाजू असतात. पुट घेणारा भ्यालेला म्हणावा, तर तो देणारा निर्धास्त असतोच. शिवाय घेणाऱ्यांत हातचे शेअर सांभाळण्यासाठी विम्यासारखी तजवीज करणारेही असतात.

तिसरा मार्ग सरळ विचारण्याचा. अमेरिकेतील वैयक्तिक गुंतवणूकदारांची एक संघटना १९८७ पासून दर आठवड्यास आपल्या सभासदांना पुढील सहा महिन्यांविषयी विचारते. मार्च २००९ च्या पहिल्या आठवड्यात शंभरांपैकी सत्तर जणांनी मंदीचा कौल दिला. आणि ९ मार्चला तळ गाठून तेथील बाजार वर चढू लागला. निराशा टोकास गेली की विकणारे संपत आलेले असतात, हे यातील मर्म. पण टोक कोणते, हे ते मागे पडल्यावरच कळते!

आपल्याकडील अनुभव ताजा आहे. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर अंदाजांनी हुरळून ३ जून २०२४ रोजी सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू होताच तो ४,३९० अंकांनी कोसळला आणि ५ जूनला पुन्हा २,३०३ अंकांनी सावरला. ३ तारखेस व्यापाऱ्यांचे मन कोणी अचूक मोजले असते, तरी ४ तारखेचे भाकीत चुकलेच असते. डोलकाठीवरचे निशाण आताचा वारा दाखविते. उद्याचे वादळ त्यास ठाऊक नसते. आणि आताच्या वाऱ्याचा हिशेब भावात आधीच झालेला असतो.

या भाकितांची किंमत मोजतो तो सामान्य माणूस. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक व्यापारी तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. नफा झाला न झाला, दलाली मात्र प्रत्येक सौद्यावर द्यावीच लागते.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. बाजाराची नाडी पाहून भविष्य सांगणाऱ्यांनी आपली जुनी भाकितेही, खरी ठरलेली आणि फसलेली, तारीखवार लोकांपुढे ठेवावीत. नियामकांनी तशी सक्ती करावी. आणि मुलांच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी गाठीस बांधलेला पैसा वाचकांनी या खेळापासून दूर ठेवावा. दुसऱ्यांची भीती व हाव मोजण्यापूर्वी प्रत्येकाने आपली स्वतःची मोजून पाहावी, हे बरे.