खेळाडूच्या सदऱ्यावरील नांव

मधल्या सुट्टींत पटांगणांतील झाडाखालीं चार-पांच मुलें एका वहीभोंवतीं जमलेलीं पाहून प्रस्तुत लेखकास एकदां मोठें कौतुक वाटलें. गणिताचें एखादें अवघड उदाहरण सोडविण्यांत तीं गढून गेलीं असावींत, अशा समजुतीनें जवळ जाऊन पाहतों तों वहींत क्रिकेटच्या अकरा खेळाडूंचीं नांवें व त्यांपुढें गुणांचे आंकडे मांडलेले! संध्याकाळीं वडील भावाच्या मोबाईलवर हा संघ नोंदवावयाचा, ४९ रुपये भरावयाचे, आणि दैवानें हात दिला तर सकाळपर्यंत कोट्यधीश व्हावयाचें, असा तो बेत होता. "अरे, हा जुगार नव्हे काय?" असें विचारतांच त्यांपैकीं एकजण अगदीं निरागसपणें म्हणाला, "सर, जुगार असता तर आपले मोठमोठे खेळाडू त्याची जाहिरात करते काय?"

ही गोष्ट २०२४ सालची. त्या वेळीं मला समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे. मुलाचें तर्कशास्त्र बिनचूक होतें. ज्याच्यावर आपला विश्वास आहे तो मनुष्य जी वस्तु पुढें करितो ती वाईट असणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. चूक त्याच्या विचारांत नव्हती. ती त्याच्याहून मोठ्या माणसांच्या व्यवहारांत होती. त्या व्यवहाराचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम घडलेला वृत्तांत पाहूं. २०२० सालीं आयपीएल स्पर्धेच्या नांवामागें आपलें नांव लावण्याचा हक्क ड्रीम इलेव्हन या कंपनीनें २२२ कोटि रुपयांस घेतला. पुढें २०२३ च्या जुलै महिन्यांत तीन वर्षांसाठीं ३५८ कोटि रुपये देऊन तिनें भारतीय संघाच्या सदऱ्यावर आपलें नांव घातलें. यांत त्या काळीं बेकायदेशीर असें कांहीं नव्हतें. असा खेळ मुख्यतः कौशल्याचा आहे, असा निर्णय पंजाब-हरियाना उच्च न्यायालयानें २०१७ सालीं व मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिलेला होता. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयीं नवा कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसा लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, तो चालविण्यास या कायद्यानें बंदी केली, आणि त्याची जाहिरात करणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. कायद्यास न्यायालयांत आव्हान दिलें गेलें, तरी सदऱ्यावरील नांव लागलीच उतरलें. सप्टेंबरांतील आशिया चषकाच्या स्पर्धेंत आपला संघ प्रायोजकाच्या नांवावांचून मैदानांत उतरला, आणि ती स्पर्धा त्यानें जिंकली!

मग प्रश्न मिटला असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. कायद्यानें नांव पुसलें. पण तें नांव तेथें लिहिलें जात असतां आपणांपैकीं बहुतेकांस त्यांत कांहीं वावगें दिसलें नव्हतें, ही गोष्ट कायद्यानें पुसली जात नाहीं.

जुगाराविरुद्ध आपल्याकडे कायदा जुना आहे; मुंबईचा जुगार-प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. परंतु त्याहूनहि जुनें असें एक कुंपण समाजानें घातलेलें होतें, तें म्हणजे लाज. ऋग्वेदांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्यानेंच आपल्या नाशाची कहाणी सांगितली आहे, आणि कौरवसभेंतील द्यूताची कथा तर घरोघरीं ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आंकडा लावण्याचा धंदा मुंबईंत सुरू झाला व पुढें तोच मटका या नांवानें गांवोगांव पसरला. त्यानें संसार कमी बुडविले नाहींत. तथापि आंकडा लावणारा मनुष्य बोळांत शिरण्यापूर्वीं एकदां मागें वळून पाही. तें वळून पाहणें हीच समाजाची शेवटची संरक्षक भिंत होती. मटक्यास पैसा पुष्कळ मिळाला, पण प्रतिष्ठा मिळाली नाहीं. कोणा खेळाडूनें त्याचें नांव छातीवर मिरविलें नाहीं. डाव लावणें ही बोळांतील गोष्ट न राहतां दिवाणखान्यांत सर्व कुटुंबासमक्ष पाहण्याची गोष्ट झाली, ती जाहिरातीच्या योगानें. आणि त्या जाहिरातीस वजन आलें तें खेळाडूच्या चेहऱ्यामुळें.

येथेंच या प्रश्नाचें मर्म आहे. प्रायोजक सदऱ्यावरील वीतभर कापड विकत घेतो, असें दिसतें. वस्तुतः तो विकत घेतो प्रेक्षकांचा विश्वास. हा विश्वास खेळाडूनें पहांटेपासून घाम गाळून मिळविलेला असतो. श्रमावांचून फळ नाहीं, हें खेळाचें पहिलें सूत्र. श्रमावांचून फळ मिळेल, ही जुगाराची पहिली थाप. शिवाय या खेळांत बक्षिसाचा पैसा कोठून येतो? हरणारांच्याच खिशांतून येतो, आणि त्यांतून चालकाचा हिस्सा आधींच बाजूस निघालेला असतो. म्हणजे एक जिंकावयाचा तर अनेकांनीं हरलेंच पाहिजे. जाहिरातींत मात्र जिंकणारा तेवढा दिसतो. धोक्याची सूचना असते खरी. पण ती इतक्या घाईनें उच्चारिली जाते कीं, ऐकणारास तिचा अर्थ लागण्यापूर्वीं ती संपलेली असते.

मोठ्या माणसांसहि हा भेद सहज कळत नाहीं. तंबाखू व मद्य यांची जाहिरात करावयाची नाहीं, असा शब्द सचिन तेंडुलकर यांनीं आपले वडील प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांस दिला व तो पाळला, हें प्रसिद्ध आहे. त्याच सचिन यांनीं २०२० सालीं पेटीएम फर्स्ट गेम्स या कंपनीचें प्रतिनिधित्व पत्करलें, आणि ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीच्या निषेधार्थ २०२३ च्या ऑगस्टमध्यें आमदार बच्चू कडू यांनीं त्यांच्या घरापुढें आंदोलन केलें. एका थोर खेळाडूस दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. तंबाखू हें व्यसन आहे, हें आपल्या वडील पिढीनें मुलांस बजावून सांगितलें होतें. मोबाईलवरील डाव हेंहि व्यसन होऊं शकतें, हें सांगणारें त्या वेळीं घरांत कोणी नव्हतें, एवढेंच यावरून दिसतें. तें सांगण्याचें काम आतां आपलें आहे.

या मतावर आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, एवढा पैसा नाकारला तर खेळ जगणार कसा? याचें उत्तर इतिहासानें एकदां दिलेलें आहे. भारतीय संघाच्या सदऱ्यावर एके काळीं विल्स या सिगारेटचें नांव होतें, आणि १९९६ सालची विश्वचषक स्पर्धाहि त्याच नांवानें भरली. पुढें तंबाखूच्या पैशावांचून क्रिकेट बुडेल असें पुष्कळांस वाटलें. २००३ च्या कायद्यानें तंबाखूची जाहिरात व प्रायोजकत्व बंद झालें, आणि क्रिकेट पूर्वींपेक्षां श्रीमंत झालें! आतांचाहि अनुभव तोच. २०२५ च्या सप्टेंबरमध्यें अपोलो टायर्स या कंपनीनें २०२८ च्या मार्चपर्यंत सुमारें ५७९ कोटि रुपये देण्याचें कबूल केलें. चाकाची धाव विकणारानें पूर्वींच्यापेक्षां अधिक मोल दिलें, तेव्हां खेळ पोरका झाला नाहीं हें उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. सज्ञान मनुष्यानें आपल्या पैशाचें काय करावें, हें सांगणारे आपण कोण? बंदीनें धंदा केवळ अंधारांत जातो, असेंहि म्हणतात; न्यायमूर्ति लोढा यांच्या समितीनें २०१६ सालीं क्रिकेटवरील पैज कायदेशीर करावी अशी शिफारस केली होती. तिच्या गुणदोषांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. कारण एखादी गोष्ट चालूं देणें निराळें आणि तिचा सन्मान करणें निराळें. इंग्लंडांत पैज लावणें कायदेशीर आहे. तरीहि तेथील प्रीमियर लीगच्या फुटबॉल संघांनीं २०२३ च्या एप्रिलमध्यें ठरविलें कीं, २०२५-२६ च्या हंगामानंतर सदऱ्याच्या दर्शनी भागावर पैजवाल्या कंपनीचें नांव असूं नये. बाह्यांवरील नांवास त्यांनीं मुभा ठेविली, म्हणजे त्याग अर्धाच झाला; पण जें कायदेशीर आहे तें सर्वच छातीवर मिरविण्याजोगें नसतें, एवढें त्यांनीं मान्य केलें. आणि सज्ञान मनुष्याच्या स्वातंत्र्याचें म्हणाल, तर सामना पाहणारांत अजून शाळेंत जाणारीं मुलेंहि असतात.

खेळास आश्रय देणें ही गोष्ट आपल्या करवीरास नवीन नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं खासबागेचें कुस्तीचें मैदान उभारलें. देशोदेशींच्या मल्लांस येथें मान मिळाला. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांस १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हां प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर ७,००० रुपयांस गहाण ठेविलें. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचीं मैदानें भरवून त्यांनीं तें ऋण फेडलें, असें सांगतात. खर्डेकरांचें नांव खाशाबांच्या लंगोटावर लिहिलेलें नव्हतें. पण त्या पदकावर तें आजहि वाचतां येतें. हेंहि प्रायोजकत्वच! फरक एवढाच कीं, येथें देणारानें स्वतःचें घर धोक्यांत घातलें. जुगाराच्या प्रायोजकत्वांत घर धोक्यांत पडतें तें प्रेक्षकाचें.

आज आपल्या गांवांत पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे पेठाच्या पेठा लोटतात. स्पर्धांस बक्षिसें लागतात, संघांस सदरे लागतात, आणि त्यासाठीं कोणापुढें तरी हात पसरावा लागतो. उद्यां एखादा मनुष्य मोठी थैली घेऊन दाराशीं आला तर त्यास काय विचारावें? माझ्या मतें एकच प्रश्न विचारावा: "हा पैसा कोणाच्या हरण्यांतून आला?" नांव बदलून येणारांविषयीं तर विशेष सावध असावें. पैजेच्या कंपन्या वृत्तपत्राचा मुखवटा घालून जाहिराती करितात, अशी सूचना केंद्र सरकारनें २०२२ सालींच दिली होती. आंबा म्हणून विकलें तरी विषाची चव बदलत नाहीं. देणगी कोणी दिली व तो काय व्यवसाय करितो, हें प्रत्येक स्पर्धेच्या चालकांनीं मैदानावर उघड लिहून लावावें; जें लिहिण्यास संकोच वाटेल तें घेऊं नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यांतून उद्यांचे खेळाडू निघणार आहेत. तुमच्या छातीवर कोणाचें तरी नांव येईल. तें येण्यापूर्वीं एवढें आठवा कीं, तें नांव वाचणारांत तुमच्याहून लहान मुलगा आहे, आणि तुमच्यावर विश्वास ठेवून तो घरांतले ४९ रुपये काढणार आहे.

झाडाखालच्या त्या मुलास मी जें उत्तर देऊं शकलों नाहीं, तें आज देतों. बाळ, खेळाडूनें जाहिरात केली म्हणून जुगाराचा खेळ होत नाहीं. उलट ती जाहिरात करीत असतां, तेवढ्या वेळेपुरता, आपला खेळाडू खेळाडू राहिलेला नसतो.