तटाआडचे रिकामे नगर

एड्रिॲटिक समुद्राच्या काठी, आजच्या क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला डुब्रोव्हनिक हे प्राचीन नगर आहे. युरोप-अमेरिकेतील धनिकांसाठी निघणाऱ्या सहलींच्या जाहिरातींत अलीकडे या नगराला मानाचे पान मिळते. या जाहिरातींचा साचा ठरलेला आहे. शनिवार ते शनिवार अशा सात रात्री. तटाबाहेर पूर्वेला, प्लोचेच्या उतारावर एक प्रशस्त व्हिला. तिच्यात खाजगी जलतरण-तलाव, दिमतीला आचारी, दाराशी मोटार, धक्क्याला नौका. आणि सज्जात उभे राहिले की समोर मध्ययुगीन तटबंदी, लाल कौलांची छपरे व निळा समुद्र. तलाव व आचारी जगात कोठेही मिळतात. तेव्हा या सौद्यात खरी किंमत पडते ती सज्जातून दिसणाऱ्या दृश्याची. आणि जो प्रश्न जाहिरातदार कधी विचारीत नाही तो नेमका येथेच उभा राहतो : हे दृश्य विकण्याचा अधिकार व्हिलाच्या मालकाला दिला कोणी?

तो तट त्याने बांधलेला नाही. रगूसा या नावाने ओळखले जाणारे हे नगरराज्य १३५८ पासून १८०८ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे, आपला कारभार आपण करीत होते. बाहेरून येणाऱ्यांना साथीच्या भयाने काही काळ वेगळे ठेवण्याचा कायदा या नगराने १३७७ मध्ये केला. गुलामांच्या व्यापारास १४१६ मध्ये बंदी घातली. पंधराव्या शतकात नगराला नळाने पाणी आणले आणि टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रमही काढला. लोव्ह्रिएनात्स किल्ल्याच्या दारावर, जगातल्या साऱ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नव्हे, अशा अर्थाचा लॅटिन लेख कोरलेला आहे. या राज्याला लोकशाही म्हणता येणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. सत्ता मूठभर कुलीन घराण्यांच्या हाती होती. त्यांचे उन्हाळी वाडे समुद्रकाठी उभे होते आणि त्या वाड्यांची चैन कोनाव्लेसारख्या प्रदेशातील कुळांच्या घामावर चालत होती. तथापि तट, पाणी, दवाखाना, धान्याची कोठारे ही सार्वजनिक कामे आहेत, एवढे भान त्या सरदारांनाही होते. आजच्या गुंतवणूकदारापाशी तेवढेही भान दिसत नाही.

पुढचा इतिहास तर सर्वांच्या स्मरणातला आहे. १९७९ मध्ये युनेस्कोने हे नगर जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. १९९१ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्ह सैन्याने त्याला वेढा घातला आणि ६ डिसेंबर रोजी जुन्या शहरावर तोफांचा भडिमार झाला. तेव्हा तेथील सामान्य नागरिक तटाच्या आत पाण्यावाचून, विजेवाचून राहिले. युद्धानंतर फुटलेली कौले आणि भाजलेल्या भिंती पूर्ववत करण्यासाठी राज्याचा, नगराचा व आंतरराष्ट्रीय संस्थांचा पैसा लागला. म्हणजे बांधले समाजाने, राखले समाजाने, दुरुस्त केले समाजाने. आणि त्या साऱ्याचे भाडे मात्र व्हिलावाला वसूल करतो. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. रिकार्डोच्या काळी जमीनदार जमिनीच्या निसर्गदत्त सुपीकतेवर खंड घेत असे. आज समाजाने शतकानुशतके साठविलेल्या संस्कृतीवर खंड घेतला जातो. श्रम दुसऱ्याचे आणि वसुली तिसऱ्याची, हा खोतीचा न्याय व्हिलाच्या संगमरवरी फरशीवरही बदलत नाही.

या वसुलीचा परिणाम काय झाला आहे? १९९१ च्या सुमारास तटाच्या आत पाच हजारांच्या आसपास लोक राहत होते. आज ही संख्या दीड हजाराच्या जवळपास उतरली आहे. तोफांनी जे नगर ओस पडले नाही, ते पाहुण्यांच्या पैशाने ओस पडत आहे. त्याची रीत साधी आहे. उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत पाहुण्यांकडून जे भाडे येते, ते वर्षभर राहणारा शिक्षक किंवा परिचारिका देऊ शकत नाही. म्हणून घरमालक स्थानिक भाडेकरूला ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरतेच घर देतो आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी गाशा गुंडाळावयास सांगतो. ज्या कुटुंबाला दर उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवावे लागते, ते अखेरीस ते शहरच सोडते. मग वाण्याचे दुकान बंद होऊन तेथे शोभेच्या वस्तू येतात आणि हिवाळ्यात गल्लीत दिवा दिसत नाही.

या टीकेवर ठराविक उत्तरे येतात. पहिले उत्तर रोजगाराचे. पर्यटनामुळे पोट भरते हे खरे आहे; क्रोएशियाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या व्यवसायाशी निगडित आहे. परंतु पोट कोणाचे आणि कसे भरते, हेही पाहावे लागेल. देशाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४२ लाख ८५ हजार होती, ती २०२१ मध्ये ३८ लाख ७० हजारांवर आली. तरुण माणसे जर्मनी-आयर्लंडकडे गेली आणि त्यांच्या रिकाम्या जागी नेपाळी, फिलिपिनो व भारतीय कामगार आले. २०२४ या एका वर्षात परदेशी कामगारांना दोन लाखांहून अधिक परवाने देण्यात आले. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासणारा आणि बांधकामावर विटा वाहणारा हा मजूर एजंटाला पैसे मोजून, कर्ज काढून तेथे पोहोचलेला असतो आणि एका खोलीत अनेकांच्या गर्दीने राहतो. सज्जातून दिसणाऱ्या दृश्यात तो येत नाही. तो येऊ नये अशीच व्यवस्था असते. जो उद्योग भूमिपुत्राला देशाबाहेर घालवितो आणि परक्या मजुराला हंगामापुरता राबवितो, त्याला केवळ नोकऱ्यांच्या आकड्यावर प्रशस्तिपत्र कसे देता येईल?

दुसरे उत्तर अधिक विचारात घेण्यासारखे आहे. पाहुण्यांना खोल्या देणारी ही साधी कुटुंबे आहेत, त्यांच्या तोंडचा घास समाजवाद्यांनी का काढावा, असे विचारले जाते. घरातली एक खोली पाहुण्याला देऊन स्वत: त्याच घरात राहणाऱ्या वृद्धेशी कोणाचेही भांडण नाही. ती नगर सोडीत नाही; ती नगर टिकविते. भांडण आहे ते घराचे निवासपण संपवून त्याला केवळ मिळकत बनविण्याशी. या घटनेचे मूळ १९९० नंतरच्या धोरणात आहे. युगोस्लाव्ह काळातील सामाजिक मालकीची घरे तेव्हा त्यांतील रहिवाशांना स्वस्तात विकण्यात आली. प्रत्येकाला घर मिळाले म्हणून आनंद झाला. परंतु नगरपालिकेच्या हाती भाड्याने द्यावयास घरेच उरली नाहीत, हे पुढच्या पिढीला कळले. मालकी वाटून दिली, पण ती बाजारातून परत एकवटणार नाही याची तजवीज केली नाही. एकेकट्या मालकांचा समुदाय भांडवलापुढे किती काळ टिकतो, हा धडा नवा नाही.

तिसरे उत्तर सर्वांत साळसूद आहे आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. ते असे : गर्दी हाच खरा दोष, तेव्हा थोडे पण श्रीमंत पाहुणे आणावे, म्हणजे नगरही वाचेल आणि उत्पन्नही बुडणार नाही. याला 'दर्जेदार पर्यटन' असे गोंडस नाव आहे. गर्दीचा प्रश्न खोटा नाही. २०१३ मध्ये एकट्या डुब्रोव्हनिकच्या बंदरात क्रूझ-जहाजांतून दहा लाखांहून अधिक प्रवासी उतरले. पुढे नगराने जहाजांची संख्या मर्यादित केली, ते योग्यच झाले. परंतु मर्यादा घालणे वेगळे आणि पाकिटाच्या जाडीवरून माणूस निवडणे वेगळे. व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यावर ५ युरोंचे प्रवेशशुल्क बसविले; हॉटेलात मुक्काम करणारा निराळा कर भरतो म्हणून त्याला त्यातून सूट मिळाली. पाल्मा शहराने २०१८ मध्ये सदनिका पाहुण्यांना देण्यास बंदी केली, पण स्वतंत्र बंगल्यांना मोकळीक ठेवली. म्हणजे शिदोरी घेऊन आगगाडीने आलेला कामगार ही गर्दी आणि आठवडाभर व्हिला अडवून बसलेला धनिक हा दर्जा! वस्तुत: एका व्हिलातील आठ-दहा माणसे जेवढी जमीन, जेवढे पाणी व जेवढा किनारा अडवितात, तेवढ्यात एक अख्खी चाळ नांदली असती.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. समाजवादी विचार विश्रांतीचा वैरी नाही. विश्रांती ही श्रीमंतांची मिरास आहे, ही समजूत कामगार चळवळीनेच प्रथम मोडली. १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये संपाची लाट उसळली आणि लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवून दिली. लाखो कामगारांनी त्यानंतर आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पगारी रजेचा करार त्याच वर्षीचा. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम विश्रांती आणि पगारी रजा हा प्रत्येकाचा हक्क मानते. म्हणून प्रश्न कोणी सुटीवर जावे की न जावे हा नाहीच. एकाची सुटी दुसऱ्याचे घर हिरावून उभी राहावी काय, हा प्रश्न आहे.

युगोस्लाव्हियाने या प्रश्नाचे एक उत्तर शोधून पाहिले होते. कारखान्यांनी व कामगार संघटनांनी एड्रिॲटिकच्या किनाऱ्यावर विश्रामगृहे उभारली आणि झाग्रेब-साराएवोचा कामगार तेथे कुटुंबासह उन्हाळा घालवू लागला. हे मोठे काम होते. त्याचबरोबर डुब्रोव्हनिकजवळच कुपारी येथे सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी वेगळी आरामनगरीही होती. मिलोव्हान जिलास यांनी १९५७ मध्ये 'नवा वर्ग' या ग्रंथात ज्या सत्ताधाऱ्यांवर बोट ठेवले, त्यांचा थाट अशा ठिकाणी दिसे. कुपारीची ती हॉटेले १९९१ नंतर भग्न झाली आणि आता ती जागा महागड्या हॉटेलांसाठी खाजगी भांडवलाकडे सोपविण्यात आली आहे. अधिकाऱ्याचा विशेषाधिकार जाऊन धनिकाचा विशेषाधिकार आला. सामान्य माणसाला किनारा दोन्ही वेळी दुरूनच पाहावा लागला.

तरीही डुब्रोव्हनिकचे नागरिक स्वस्थ बसले नाहीत. नगराच्या डोक्यावर सर्ज नावाचा डोंगर आहे. १९९१ मध्ये याच डोंगरावरील किल्ला लढवून नगर वाचविण्यात आले. त्याच पठारावर गोल्फची मैदाने, हॉटेले आणि दोनशेहून अधिक व्हिला उभारण्याची योजना निघाली. 'सर्ज आमचा आहे' अशी घोषणा देत नागरिक उठले आणि २८ एप्रिल २०१३ रोजी जनमत घेण्यात आले. मतदान करणाऱ्यांपैकी शंभरात ८४ जणांनी योजनेच्या विरुद्ध कौल दिला; परंतु मतदान एक-तृतीयांशाहूनही कमी झाल्याने तो कौल सरकारवर बंधनकारक ठरला नाही. नागरिक पुढे न्यायालयात गेले आणि परवानग्या रद्द करून घेतल्या. तेव्हा गुंतवणूकदाराने २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेऊन क्रोएशियाकडून प्रचंड नुकसानभरपाई मागितली. २०२३ मध्ये निकाल क्रोएशियाच्या बाजूने लागला. परंतु तोवर सहा वर्षे एका लहानशा देशाच्या मानेवर ही तलवार टांगती राहिली. नागरिकांनी आपल्या डोंगरासंबंधी मत दिले, याचा जाब परदेशी भांडवल एका सार्वभौम राष्ट्राला विचारू शकते, हे येथे उघड झाले. किल्ल्याच्या दारावरील लेखाचा अर्थ त्या दिवशी नव्याने कळला असेल.

या नगराचे गोव्याशीही जुने नाते आहे. तिसवाडीतील गवंडाळी गावचे साव ब्राझचे चर्च सोळाव्या शतकात रगूसाच्या व्यापाऱ्यांनी उभारले, अशी परंपरा सांगते. साव ब्राझ हाच डुब्रोव्हनिकचा रक्षक संत. आज आसगाव-शिवोलीच्या डोंगरउतारांवर दिल्ली-मुंबईच्या पैशाने ज्या व्हिला उठत आहेत, त्या पाहिल्या म्हणजे हे नाते भलत्याच बाजूने दृढ होत असल्याची खात्री पटते. मात्र २००७ मध्ये जनतेच्या आंदोलनापुढे गोवा सरकारला प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला होता, हेही विसरता कामा नये. सर्जचा लढा आणि तो लढा एकाच जातीचे आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केवळ चैनीचा धिक्कार करून थांबणे पुरेसे नाही. बार्सिलोनाने २०२४ मध्ये दहा हजारांवर पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपविण्याचा निर्णय जाहीर केला. क्रोएशियाने २०२५ पासून हंगामी भाड्याच्या व सुटीपुरत्या घरांवर कर बसवून, कायम राहणाऱ्याचे व दीर्घ मुदतीने भाड्याने दिलेले घर त्यातून वगळले. ही पावले अपुरी असली तरी दिशा योग्य आहे. त्यांच्यापुढे जाऊन चार गोष्टींचा आग्रह धरावयास हवा : स्थळमाहात्म्यातून मिळणाऱ्या खंडावर जबर कर, त्या करातून नगरपालिकेच्या मालकीची, कधीही न विकली जाणारी भाड्याची घरे, किनारा व डोंगर यांच्या वापरासंबंधी स्थानिकांचा बंधनकारक कौल, आणि असंघटित कामगारासह प्रत्येकाला पगारी रजा व परवडेल असे विश्रामगृह.

तट शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधतात. डुब्रोव्हनिकच्या तटाने आज रहिवाशालाच बाहेर ठेवले आहे. त्या तटाच्या आत पुन्हा शाळा भरावी, वाण्याचे दुकान उघडावे आणि हिवाळ्यात खिडक्यांतून दिवे दिसावेत, यासाठी जे तेथे झगडत आहेत त्यांचा पक्ष घेणे हे इथल्या समाजवाद्यांचेही काम आहे.