घटना समितीतील विसरलेली माणसे

अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद बंदिवान होते, हे आपल्या जिल्ह्यातील शाळकरी पोरही सांगते. परंतु त्याच जिल्ह्यातून १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून गेलेल्या पी. जे. रोहम यांचे नाव पाथर्डी तालुक्यातील किती बौद्ध घरांना ठाऊक आहे? प्रस्थापितांनी आपली माणसे विसरावीत यात नवल नाही. आपणच ती विसरावीत, ही मात्र चिंतेची गोष्ट होय.

नवदीक्षित कुटुंबांत बाबासाहेबांची तसबीर लावली जाते, ती उचितच आहे. परंतु तसबिरीपुढे बसून मुलांना सांगितली जाणारी हकीकत पुष्कळदा अशी असते की, एक महापुरुष आला, त्याने एकट्याने राज्यघटना लिहिली आणि आपला उद्धार केला. ही अवताराची कथा झाली. ज्याने बावीस प्रतिज्ञा घेऊन अवतारकल्पनेचा त्याग केला, त्याने ती मागील दाराने घरात घ्यावी काय?

घटनेच्या मसुद्याचा भार मुख्यत्वे बाबासाहेबांनीच वाहिला, याविषयी वाद नाही. मसुदा समितीतील एकाने राजीनामा दिला, एक मरण पावले, एक अमेरिकेत राहिले, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी भर सभेत सांगितले. पण खुद्द बाबासाहेबांची वृत्ती पाहा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या अखेरच्या भाषणात त्यांनी आपल्या वाट्याला आलेले श्रेय बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना वाटून दिले. पदोपदी दुरुस्त्या मांडून समितीस भंडावून सोडणाऱ्या कामत, के. टी. शहा यांच्यासारख्या सभासदांचेही ऋण मानले. आणि त्याच भाषणात राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा व हुकूमशाहीचा मार्ग आहे, असे बजावले. भक्ती नको म्हणणाऱ्याचीच आपण भक्ती मांडली!

बाबासाहेब घटना समितीत पोचले तरी कसे? १९४६ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा प्रांतोप्रांती पराभव झाला होता; मुंबईहून जाण्याची वाट बंद होती. ती वाट बंगालने उघडली. बारिसालच्या नमःशूद्र समाजातील जोगेंद्रनाथ मंडल यांनी पुढाकार घेऊन बाबासाहेबांना तेथून निवडून आणले. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईहून त्यांची निवड झाली. स्वतः मंडल मात्र पाकिस्तानात राहिले, तेथील घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्ष झाले, कायदेमंत्री झाले. आणि पूर्व बंगालमधील आपल्या लोकांवरील अत्याचार थांबेनात म्हणून १९५० च्या ऑक्टोबरमध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांचा निर्णय चुकला असे म्हणावयाचे त्यांनी खुशाल म्हणावे. १९४६ ची त्यांची कामगिरी त्यामुळे पुसली जात नाही.

दाक्षायणी वेलायुधन या कोचीनकडील पुलया समाजातल्या. समितीतील पंधरा स्त्रियांत अस्पृश्य समाजाच्या त्या एकट्याच. त्या गांधीपक्षाच्या होत्या, स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधी होत्या; त्यांचे ते मत आम्हांस मान्य नाही. परंतु २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम (आजचे सतरावे) संमत झाले, तेव्हा त्या बोलावयास उठल्या आणि या कलमाचे यश लोकांच्या पुढील वर्तनावर अवलंबून राहील, असे त्यांनी सांगितले.

आता ज्यांच्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला, त्यांच्याकडे वळतो. हेमचंद्र जागोबाजी खांडेकर हे नागपूरचे, महार समाजातले, आणि काँग्रेसचे. फेडरेशनच्या कार्यकर्त्यांना ते विरोधी गोटातले. ज्या नागपुरात पुढे १९५६ साली धर्मदीक्षा झाली, तेथेच हा सामना वर्षानुवर्षे चालला होता. त्या खांडेकरांनी २१ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत उठून, या घटनेस आपण महारांचा कायदा म्हणतो, आता मनूच्या कायद्याची जागा महाराचा कायदा घेईल, अशा आशयाचे उद्गार काढले. विरोधी पक्षात बसून एवढे बोलावयास छाती लागते.

पण त्याच भाषणातील दुसरा भाग आपण वाचतच नाही. नागरिकास देशभर मुक्त संचाराचा हक्क देणारी ही घटना जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना काय देते, असा त्यांचा सवाल होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, भामटा, पारधी यांसारख्या जमातींना पोलिसांची हजेरी द्यावी लागे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. संशय रद्द झाला नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद व विमुक्त जमातींवरील जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का घटनाबाह्य ठरविण्यास सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

पाथर्डीकरांना ही माणसे दूरची नाहीत. तालुक्यातील मढी येथे कानिफनाथाच्या यात्रेस भटक्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या जमत आल्या; गाढवांचा बाजार आणि जातपंचायतींचे निवाडे यांसाठी ती यात्रा प्रसिद्ध. आपण दीक्षा घेतली, यात्रा सोडली, हे योग्यच केले. पण यात्रा सोडताना त्या माणसांकडेही पाठ फिरविली, असे कित्येक गावांतून दिसते. गावात चोरी झाली की पालावर प्रथम बोट दाखविणाऱ्यांत आपलीही माणसे असतात, हे लिहिताना लाज वाटते. कालपर्यंत ते बोट आपल्यावर होते.

२६ नोव्हेंबरला विहाराविहारांतून संविधान दिन साजरा होतो. यंदा बाबासाहेबांच्या भाषणाबरोबर खांडेकरांचेही ते भाषण काढून वाचावे. घटना समितीच्या छापील अहवालांत ते आहे. आणि वाचनाच्या वेळी जवळच्या पालावरील मंडळींना आमंत्रण असावे, पुढच्या रांगेत.